गोपीनाथ मास्तरांनी न घेतलेलं माप

मंगळवार, २२ ऑक्टोबर २०२४. पाणी सव्वासहाला आलं, सातला गेलं. दूधवाल्याने पिशवी दाराला न अडकवता पायरीवर ठेवली, मांजरीने फोडली. चार वाजता गोपीनाथ मास्तरांकडे मोतिया साडीवरचा ब्लाउज टाकायला गेले. दिवाळीमुळे नवीन काम घेत नाहीत, माझं घेतलं. कलावती बाकावर हुकं लावत बसली होती. ओळखू येऊ नये इतकी वाळली आहे. विचारलं तर म्हणाली, नवरात्राचे उपास. नवरात्र संपून दहा दिवस झाले.

ही नोंद माझ्या वहीतली. ठाण्याच्या मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला रोज पाच ओळी लिहायला लावत, ती सवय अजून आहे. मास्तरांविषयी लिहायला बसले तेव्हा सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून त्या दिवसापासून केली.

गोपीनाथ मास्तर आमच्या डोंबिवली पश्चिमेच्या गल्लीतले लेडीज टेलर. वय अठ्ठावन्न. मूळ संगमनेरच्या बाजूचे. वडील आठवडी बाजारात मशीन मांडून बसायचे. मुलाने तसं धुळीत बसू नये म्हणून त्यांनी सोळाव्या वर्षी त्याला कल्याणला दामाजी मास्तरांच्या हाताखाली ठेवलं. दामाजी मास्तर पारनाक्याजवळ एका जिन्याखाली शिवत. तिथे गोपीनाथ कात्री धरायला शिकले आणि गप्प बसायलाही.

गप्प बसण्याची गोष्ट त्यांनी मला स्वतःच सांगितली होती. कामाला लागून वर्ष झालं असेल. एका बाईंचं माप वहीतल्या जुन्या मापाशी ताडून पाहताना ते भाबडेपणाने बोलून गेले, "ताई, कंबर दोन इंच वाढली." बाई कापड उचलून तरातरा निघून गेल्या. दामाजी मास्तरांनी लाकडी पट्टी बोटांवर मारली.

"बाईचं माप हातातून कागदावर जातं. तोंडातून नाही. वाढलं तरी गप्प, घटलं तरी गप्प. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"गप्प."

पुढे स्वतःचं दुकान टाकल्यावरही त्यांनी हा नियम मोडला नाही. एखादी गिऱ्हाईक यायची, म्हणायची, "मास्तर, मागच्या दिवाळीला शिवलेला दंडात रुततोय हो. कापड आटलं वाटतं."

"आटतं ताई हल्लीचं कापड," मास्तर मान खाली घालून म्हणायचे आणि आतली एक टीप उसवून द्यायचे. ब्लाउजच्या दोन्ही कुशींना आत ते नेहमी दीड-दोन इंच कापड दाबून ठेवत. अंग वाढलं की एक टीप उसवायची, उतरलं की एक जास्तीची मारायची. त्यासाठी एक पैसा घेत नसत. गल्लीतल्या बायकांना हा माणूस आवडायचा तो शिलाईइतकाच या न बोलण्यासाठी.

कलावती त्यांची बायको. दुकानाच्या दाराशी बाक टाकून ती हुकं लावायची, काजं करायची, साड्यांना फॉल लावायची. अंगाने चांगली भरलेली, बोलकी. मास्तरांची न बोललेली सगळी वाक्यं तीच बोलायची. "अहो, काकूंचा गळा मागून मोठा झालाय, नीट करा. त्यांना थंडी वाजते." मला थंडी वाजते हे तिला कसं कळलं होतं देव जाणे.

तिचे ब्लाउज मास्तर वर्षातून एकदाच शिवत. दिवाळीचं गिऱ्हाइकांचं शेवटचं काम हातावेगळं झालं की लक्ष्मीपूजनाच्या दुपारी एक ब्लाउज कलावतीचा. माप कधी घेत नसत. शिवानीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या जन्मानंतर एकदा ठरलं ते छत्तीस. मी एकदा गमतीने विचारलं होतं, "मास्तर, बायकोला टेप लावायला लाजता की काय?"

"तिचं माप काय घ्यायचं काकू? हातात आहे ते."

कलावती बाकावरून म्हणाली होती, "हातात कसलं, मशीनवर आहे. माझ्याकडे बघायला वेळ कुठाय त्यांना!" आम्ही तिघंही हसलो होतो.

तर ती वाळायला लागली, आणि पहिले काही महिने सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. समोरच्या इमारतीतल्या विमलाबाई तर दुकानात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या सुनेने जिमला वर्षाचे पैसे भरले, पिंप होतं ते पिंपच आहे. तू नुसती हुकं लावून बारीक झालीस. आम्हालाही दे बाई दोन ब्लाउज लावायला!"

कलावती हसायची. तिला बरं वाटत असणार. पंचावन्नाव्या वर्षी कोण कौतुक करतं बाईचं?

मग भूक कमी झाली. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. पाठीत दुखायचं, ते ती बाकाच्या माथी मारायची. शिवानी खडवलीला राहते. महिन्यातून एकदा आली की ओरडायची, "आई, डॉक्टरकडे जा, मी तुला गणपतीत पण सांगितलेलं." कलावती म्हणायची, सीझन होऊ दे. शिंप्याच्या घरात गणपतीपासून दिवाळीपर्यंत कुणी आजारी पडत नाही. पडलं तरी सांगत नाही. माणसं दारात उभी असतात, तारखा दिलेल्या असतात, आणि ती हुकं लावणार नसेल तर मास्तरांनी शिवलेले चाळीस ब्लाउज तसेच पडून राहणार. दिवाळी झाली की जाऊ, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. आणि मास्तरांना कळू नये म्हणून ती एक काम करत होती, जे आम्हाला नंतर कळलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन. दुकानात मशीनला झेंडूचा हार, कात्री-पट्टी धुऊन पाटावर, मापाच्या वहीवर हळदकुंकू. मी फराळाचा डबा द्यायला गेले होते, विमलाबाई होत्या, शिवानी आलेली होती. मास्तरांनी नुकताच काज-बटणासकट पुरा केलेला जांभळा ब्लाउज कलावतीला दिला. "जा, घालून ये. मुहूर्त निघून जाईल."

ती आतल्या खोलीत गेली. उशीर लावला. मास्तरांनी हाक मारली, "अगं, साडेसात झाले!"

ती बाहेर आली तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. पण आरतीला हात वर केले आणि पदर घसरला. ब्लाउज तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. बाहीत दंडाबरोबर आणखी एक दंड मावला असता.

मास्तरांच्या हातातलं निरांजन तिरकं झालं. पण त्यांच्या मनात पहिलं काय आलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. ते म्हणाले, "माझं कटिंग चुकलं."

पूजा आटोपताच त्यांनी तिला ब्लाउज बदलून यायला सांगितलं आणि तो टेबलावर पसरून टेप लावली. छत्तीस. पुन्हा लावली. छत्तीसच. मग शांतपणे म्हणाले, "तुझा रोजचा आण."

"राहू द्या ना आता. सणाचं."

"आण."

शिवानीने तो दोरीवरून आणला. मास्तरांनी उलटा केला. कुशीला त्यांच्या स्वतःच्या टिपेच्या आत आणखी एक टीप होती. तिच्या आत दुसरी. तिच्याही आत तिसरी. पहिली लाल दोऱ्याची, दुसरी हिरव्या, तिसरी पांढऱ्या, मशीनवर त्या त्या वेळी जो रीळ असेल त्याची. मास्तर दुपारी जेवून पडले की ती त्यांच्याच मशीनवर बसून स्वतःचे ब्लाउज आत घेत होती. सगळ्या ब्लाउजांना तशाच टिपा.

विमलाबाई हळूच निघून गेल्या. मास्तर त्या तीन टिपांवरून बोट फिरवत उभे राहिले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दिवाळी होऊ दे म्हटलं," कलावती म्हणाली. "झाली की आता."

आमच्या गल्लीचे डॉक्टर महेंद्र म्हात्रे भाऊबीज झाली की दवाखाना उघडतात. त्या दिवशी मीही बरोबर गेले, कारण मास्तर म्हणाले, "काकू, तुम्ही चला. मला सगळं ध्यानात राहायचं नाही." वजनकाट्यावर कलावती एकेचाळीस किलो भरली.

"आधी किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवानीच्या बाळंतपणानंतर ती कधी काट्यावर उभी राहिली नव्हती.

"कधीपासून उतरतंय? अंदाजे?"

मास्तरांनी पिशवीतून चार ब्लाउज काढले आणि उलटे करून टेबलावर ठेवले. "डॉक्टर, किलोत नाही सांगता येत. इंचात सांगतो. लाल टीप एक इंच आत. हिरवी दीड. पांढरी पुन्हा दीड. एकूण चार इंच."

"आणि ही लाल कधी घातली?"

कलावतीला आठवेना. "लग्नसराई होती बहुतेक," एवढंच म्हणाली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं; मी रोज वही लिहिते हे त्यांना ठाऊक होतं. मी घरी येऊन वहीचे मागचे महिने चाळले. १७ फेब्रुवारी, शनिवार: 'कलावती बारीक झाली आहे. चेहरा तरतरीत वाटतो. तिला तसं म्हटलं. खूश झाली.' ९ जूनला: 'कलावतीने खरवस परत दिला, पोट भरलंय म्हणाली.' मी दोन्ही तारखा कागदावर लिहून डॉक्टरांना नेऊन दिल्या. माझी नोंद नीट होती, तारीख-वारासकट. तिचा उपयोग नऊ महिन्यांनी झाला.

डॉक्टर म्हात्रे चांगले गृहस्थ. त्यांनी घाबरवलं नाही, पण थापाही मारल्या नाहीत. "माणसाने ठरवून वजन उतरवलं तर गोष्ट वेगळी. न ठरवता, सहा महिन्यांत किंवा वर्षात, वीस किलोमागे एक किलो जरी गेला तरी आम्ही कारण शोधतो. इथे त्याच्या कितीतरी पट गेलंय." मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला. संध्याकाळी बारीक ताप येतो का, खोकला आहे का, घरात कुणाला टीबी होता का. तहान फार लागते का, लघवीला सारखं जावं लागतं का. छातीत धडधडतं का, हात थरथरतात का, उकडतं का. जुलाब होतात का. गिळताना अडकतं का. दात दुखतात का. मन लागत नाही असं होतं का, कुणाचा मृत्यू वगैरे. कुठल्या गोळ्या चालू आहेत का.

कलावती प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी म्हणाली, "शौचाला काळं होतं कधीकधी. मला वाटलं, बीट खाल्लं."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. मग परत लिहायला लागले.

रक्तातली साखर बरोबर आली. थायरॉइड बरोबर. छातीचा फोटो स्वच्छ. प्रत्येक रिपोर्ट आला की मास्तर धावत माझ्याकडे यायचे, "काकू, हेही नाही निघालं!" त्यांना ती चांगली बातमी वाटायची. मला तसं वाटेना, पण मी बोलले नाही. एखादा रोग सापडला असता, मधुमेह, टीबी, थायरॉइड, यातलं काहीही, तर गोळी होती. एकेक दार बंद होत चाललं होतं आणि ते प्रत्येक वेळी पेढे आणायच्या गोष्टी करत होते. हिमोग्लोबिन मात्र सात होतं, बाराच्या वर हवं तिथे.

मग दुर्बिणीची तपासणी, तुकडा काढून तपासणी. पुढे नवी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. जाताना शीळफाट्याला गाडी पाऊण तास अडकली. कलावती खिडकीला डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "आयुष्यात एवढा वेळ नुसती बसले नव्हते. हातात सुई पाहिजे होती." शिवानी म्हणाली, "आई, प्लीज," आणि तोंड फिरवलं.

जठराचा कर्करोग होता. यकृतात उतरला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितलं आणि सगळं सावकाश समजावलं. शस्त्रक्रियेची वेळ राहिलेली नाही, औषधाने काही महिने मिळतील, त्रास कमी करता येईल.

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "फेब्रुवारीत आणलं असतं तर?"

"तसं नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"अंदाजे?"

त्या गप्प राहिल्या. मास्तरांना गप्प बसणं कळत होतं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी नमस्कार केला आणि उठले.

जानेवारीत कलावती खाटेवरच होती. पेज, ताक, नाचणीचं सत्त्व, एवढंच जायचं. एके दुपारी मी बसले असताना ती म्हणाली, "अहो, टेप आणा."

"कशाला?"

"शेवटचा ब्लाउज शिवाल ना? हिरवा. छत्तीसचा शिवाल परत, सवयीने. मला तसं लोंबकळत जायचं नाहीय. बायका बघतात."

मी म्हटलं, कलावती, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, "काकू, तुम्ही वही घ्या. ते सांगतील, तुम्ही लिहा."

त्यांनी तिला धरून बसवलं. टेप लावली. दामाजी मास्तरांचा नियम मोडून, छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, बायकोचं माप मोठ्याने सांगितलं. छाती सत्तावीस. दंड साडेसात. मी लिहिलं. मापाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या नावांखाली, तारखेसकट. मास्तरांचा आवाज शेवटपर्यंत नीट होता. कंबरेशी मात्र टेप दोनदा घसरली.

"बघा," कलावती म्हणाली, "एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं."

२७ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हिरवा ब्लाउज अंगाला नेटका बसला होता. विमलाबाई रडत रडत म्हणाल्या, फिटिंग किती सुरेख आहे हो. मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

दुकान सव्वा महिना बंद होतं. उघडलं तेव्हा मास्तर बदललेले होते. आता ते बोलतात. गिऱ्हाईक आली की वही काढतात, जुनं माप-नवं माप शेजारीशेजारी ठेवतात आणि उतरलं असेल तर स्पष्ट सांगतात. "ताई, दंड पाऊण इंच उतरलाय. मुद्दाम उतरवलंत का? नाही? मग रक्त तपासा."

बायकांना हे आवडत नाही. एक जण भडकली, "मास्तर, मी झुंबा लावलाय! मेहनत आहे ती माझी!" दुसरीने आईला सांगितलं की शिंपी आमच्या अंगाविषयी बोलतो, आणि आई भांडायला आली. विमलाबाई म्हणतात, मास्तर आता एमबीबीएस झाले. त्यांनी आपली शिलाई पलीकडच्या रस्त्यावरच्या बुटिकमध्ये हलवली आहे. खरं तर त्यांना भीती वाटते, पण तसं कबूल करत नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं गेली. हुकं लावायला कुणी नाही, म्हणून मास्तर दुपारचे झोपत नाहीत. बाकावर बसून स्वतः लावतात. चष्मा नाकाच्या टोकाला असतो.

शिवानी मागच्या आठवड्यात त्यांच्यावर चिडली होती. "पप्पा, आई गेली. आता सगळ्या गल्लीला आजारी पाडणार का तुम्ही?"

"आजारी पाडत नाही. माप सांगतो."

"कोणी विचारलंय का माप?"

"तिनेही विचारलं नव्हतं," मास्तर म्हणाले, आणि दोरा दाताने तोडला.

मी मात्र त्यांच्याकडेच शिवते. काल, ११ नोव्हेंबरला, पांढऱ्या सुती ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. त्यांनी टेप लावली, वही उघडली, मागचं पान काढलं. बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिले. मला वाटलं, नंबर लागत नसेल चष्म्याचा.

"काकू," ते म्हणाले, "गेल्या वर्षीपेक्षा दोन इंच कमी आहे. दंडही उतरलाय."

"अठ्ठ्याहत्तर वय आहे मास्तर. दातांची कवळी सैल झालीय. एकटीचा स्वयंपाक, करावासा वाटत नाही."

"असेल. तेच असेल. पण तुम्ही कवळी म्हणता, तिने बीट म्हटलं होतं."

मला राग आला, हे मी लपवत नाही. क्षणभर मीसुद्धा कापड उचलून निघणार होते. मग त्यांच्याकडे पाहिलं. वहीतल्या माझ्या मापावर त्यांनी अजून अंगठा दाबून धरला होता. मी वादावादी केली नाही. तिथूनच डॉक्टर म्हात्र्यांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि पोटाची सोनोग्राफी.

संध्याकाळी वहीत लिहिलं: मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. ब्लाउज पुढच्या सोमवारी मिळेल. उद्या रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे, म्हणून सातलाच जेवले. अर्धी भाकरी उरली. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली.